पहिला किल्ट : आठवारी, चारवारी की खिशांचा?

१/
स्कॉटलंडमध्ये, किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या स्कॉटिश वंशाच्या घरांत, एखाद्या तरुणाने पहिला किल्ट घ्यायचे ठरवले की त्याच्यापुढे एक पेच हमखास उभा राहतो. जाड लोकरीचा, हाताने शिवलेला, घराण्याच्या टार्टनचा ‘पारंपरिक’ किल्ट घ्यावा, की सुती कापडाचा, खिशांचा, घरच्या यंत्रात धुता येणारा ‘आधुनिक’ किल्ट? दुकानदाराच्या लेखी हा आवडीचा प्रश्न असतो. घरातली वडीलधारी मंडळी मात्र तो निष्ठेचा करतात. या वस्त्राचा चारशे वर्षांचा प्रवास पाहिला तर प्रश्नाची मांडणीच चुकलेली दिसते. त्याविषयीचा हा दीर्घ धागा.

२/
आज किल्ट घालतात. मुळात तो नेसत असत, आणि हा फरक साऱ्या वादाच्या मुळाशी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड प्रदेशात आणि पश्चिमेच्या बेटांवर पुरुष जे वस्त्र वापरत, त्याला गेलिक भाषेत ‘फेला मोर’ म्हणत. अर्थ, मोठे गुंडाळवस्त्र. आयरिश सरदार रेड ह्यू ओडोनेल याच्या चरित्रात, १५९४ साली त्याच्या मदतीला आलेल्या हेब्रिडीज बेटांवरील भाडोत्री सैनिकांचे वर्णन आहे. अंगाभोवती घेतलेले रंगीबेरंगी वस्त्र आणि त्यावरून आवळलेला कमरपट्टा, हा या पोशाखाचा पहिला स्पष्ट उल्लेख मानला जातो.

३/
त्या काळच्या हातमागावर कापडाचा पन्हा अरुंदच असे. म्हणून दोन पट्टे लांबीच्या बाजूने जोडून एक रुंद वस्त्र केले जाई. लांबी साधारण चार-पाच मीटर. हाताने निऱ्या घालायच्या, त्यावर पट्टा आवळायचा. कमरेखालचा भाग गुडघ्यापर्यंत येई. वरचा घोळ खांद्यावर पिनेने अडकवला जाई, पावसात डोक्यावर घेतला जाई आणि रात्री माळावर तेच अंथरूण-पांघरूण होई. हे गुराख्याचे, शिपायाचे, कष्टकऱ्याचे वस्त्र होते. घोड्यावर बसणारे श्रीमंत सरदार पुष्कळदा अंगाला घट्ट बसणारी टार्टनची विजार, म्हणजे ‘ट्रूज’, पसंत करत.

४/
अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या मोठ्या वस्त्राचा फक्त खालचा भाग स्वतंत्रपणे वापरात आलेला दिसतो. त्याला ‘फेला बेग’, म्हणजे लहान गुंडाळवस्त्र, म्हणतात, आणि आजचा किल्ट हा त्याचाच वंशज. त्याचे श्रेय, किंवा दोष, अनेकदा एका इंग्रजाला दिला जातो. लँकाशरचा क्वेकर पंथीय लोहउद्योजक टॉमस रॉलिन्सन याने १७२० च्या दशकात ग्लेनगॅरीच्या मॅक्डोनेल सरदाराशी करार करून इन्व्हरगॅरी येथे लोखंडाची भट्टी उभारली. जंगल तोडणाऱ्या व भट्टीवर राबणाऱ्या मजुरांना तो मोठा घोळ अडचणीचा होतो, हे पाहून त्याने वस्त्राचे दोन भाग करवले, अशी कथा आहे.

५/
या कथेचा आधार म्हणजे इव्हान बेली नावाच्या गृहस्थाचे १७६८ चे पत्र, आणि ते छापले गेले १७८५ मध्ये. म्हणजे घटना व छापील शब्द यांत अर्धशतकाहून अधिक अंतर. रॉलिन्सनच्या आधीही खालचा भाग वेगळा वापरत असत असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. मूळ वस्त्रच दोन पट्टे जोडून होत असेल, तर एकच पट्टा कमरेला गुंडाळायला संशोधक कशाला हवा? काटकसर करणारा कोणताही माणूस तिथवर आपसूक पोहोचेल. मात्र कथा खरी असो वा नसो, तिच्यातला तपशील महत्त्वाचा आहे. आज ज्याला पारंपरिक म्हणतात तो किल्ट, काम करताना सोयीचे पडावे म्हणून आखूड झालेले वस्त्र आहे. आपल्या काळात तो ‘आधुनिक’ आणि ‘सुटसुटीत’च होता.

६/
याच रॉलिन्सनच्या कथेवर इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी आपला गाजलेला निबंध उभारला. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या १९८३ च्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या ग्रंथात तो आहे. किल्ट आणि घराण्यांची टार्टने ही अलीकडची निर्मिती आहे, हा त्याचा सूर. निबंध वाचनीय आहे, पुष्कळ ठिकाणी अचूकही आहे. पण तो वाचून उठणारा वाचक बहुधा ‘म्हणजे सगळे खोटेच’ असा निष्कर्ष काढतो, आणि तिथे मोठी चूक होते. खोट्या वस्त्रासाठी कोणी तुरुंगात गेले नसते.

७/
१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट बंड चिरडले गेले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून हायलँड पोशाखावर बंदी घातली. ती १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आली. सरकारी सैन्यातील माणसे वगळता स्कॉटलंडमधील कोणाही पुरुषाने वा मुलाने प्लेड, फेला बेग, ट्रूज यांपैकी काही अंगावर घेतले तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद. दुसऱ्यांदा सापडल्यास सात वर्षांसाठी समुद्रापार हद्दपारी. अंमलबजावणी सगळीकडे सारखी कडक नव्हती. तरीही १ जुलै १७८२ ला बंदी उठेपर्यंत पस्तीस वर्षे गेली. या काळात जन्मलेल्या मुलांची मुले हाताशी आली होती. सामान्य हायलँडर विजारीला सरावला, आणि बंदी उठल्यावरही फारसा परतला नाही.

८/
किल्ट टिकला तो सैन्यात. ज्या राज्यसत्तेने तो नागरिकाच्या अंगावरून उतरवला, तिनेच तो शिपायाला गणवेश म्हणून दिला. आज घराण्यांच्या नावाने विकली जाणारी कित्येक टार्टने मुळात पलटणींची आहेत. ‘ब्लॅक वॉच’ पलटणीची गडद निळी-हिरवी-काळी सरकारी नक्षी घ्यायची आणि तिच्यावर एखादी वेगळी रेघ चढवायची. झाली नवी पलटण तयार. पिवळी रेघ चढवली ती गॉर्डन हायलँडर्सची, तांबडी-पांढरी चढवली ती सीफोर्थच्या मॅकेन्झींनी उभारलेल्या पलटणीची. पुढे हीच ‘गॉर्डन’ व ‘मॅकेन्झी’ घराण्यांची टार्टने झाली.

९/
महाराष्ट्राच्या वाचकाला यांतील एक नाव अपरिचित नसावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांसमोर आर्थर वेलस्लीचे जे सैन्य उभे राहिले, त्यात ७४ वी आणि मॅकेन्झींची ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. शिंद्यांच्या तोफांनी सर्वाधिक हानी केली ती ७४ व्या पलटणीची. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८०९ मध्ये, लष्करी खात्याने ७४ वीसह सहा पलटणींचा हायलँड पोशाख काढून घेतला. कारण साधे व्यवहाराचे होते. हायलँडमध्ये पुरेशी माणसे मिळेनाशी झाली होती, आणि बाहेरच्या रंगरुटांना हा पोशाख नकोसा वाटत होता.

१०/
आता टार्टनकडे. ‘आमच्या घराण्याचे टार्टन’ हा पहिला किल्ट घेणाऱ्याच्या मनावरचा सर्वांत जड भार. मार्टिन मार्टिन याने १७०३ मध्ये पश्चिमेच्या बेटांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात प्लेडच्या नक्षीवरून माणूस कोणत्या भागातला हे ओळखू येते, असे तो सांगतो. म्हणजे नक्षी होती गावच्या विणकराची, त्याच्या हाताची, त्याच्याकडच्या रंगांची. कलोडनच्या लढाईवरील डेव्हिड मॉरियर याच्या प्रसिद्ध चित्रात आठ हायलँडर दिसतात, आणि त्यांच्या अंगावर वीसहून अधिक निरनिराळ्या नक्षी आहेत. एकाच माणसाच्या अंगावरील कपडेही एकमेकांशी जुळत नाहीत. घराण्याचा गणवेश असा दिसत नसतो.

११/
नक्षी आणि आडनाव यांची गाठ घालण्यात मोठा वाटा व्यापाराचा आहे. बॅनकबर्न येथील विल्सन अँड सन या विणकर पेढीने १८१९ मध्ये आपले नमुन्यांचे पुस्तक सिद्ध केले. तोवर तिच्या अनेक नक्षी नुसत्या क्रमांकांनी विकल्या जात. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने घराणेप्रमुखांना आपापल्या टार्टनचा नमुना पाठवण्याची विनंती केली होती. अनेक प्रमुखांना आपले टार्टन कोणते हेच ठाऊक नव्हते. ट्रेव्हर-रोपर यांनी नोंदवलेले एक उदाहरण विसरण्याजोगे नाही. आज ‘मॅकफर्सन’ म्हणून ओळखली जाणारी एक नक्षी त्याआधी ‘किड’ नावाने विकली जात होती, कारण किड नावाच्या गिऱ्हाइकाने आपल्या वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या कपड्यांसाठी ती घाऊक घेतली होती. त्याआधी तिला नावही नव्हते. क्रमांक १५५, एवढेच.

१२/
मग १८२२ चा ऑगस्ट. दीडशेहून अधिक वर्षांनी प्रथमच राज्यावर असलेला राजा स्कॉटलंडमध्ये येणार होता. चौथ्या जॉर्जच्या या भेटीचा सोहळा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखला आणि साऱ्या एडिंबराला टार्टनमध्ये गुंडाळले. ज्या सखल प्रदेशातील लोकांनी हायलँडरांना पिढ्यान्‌पिढ्या चोर-दरोडेखोर मानले होते, तेच आता त्यांच्या पोशाखात मिरवू लागले. राजाच्या पोशाखाचे बिल १३५४ पौंड १८ शिलिंग झाले. किल्टखाली त्याने कातडीच्या रंगाची तंग विजार घातली होती. डेव्हिड विल्की याने नंतर काढलेल्या चित्रात ती नाही. दरबारी चित्रकाराने एवढी कृपा करायचीच.

१३/
या सोहळ्यातले सर्वांत बोलके पात्र म्हणजे ग्लेनगॅरीचा प्रमुख अलिस्टर रॅनल्डसन मॅक्डोनेल. रॉलिन्सनला जमीन देणाऱ्या सरदाराच्याच गादीवरचा. १८१५ मध्ये याने ‘अस्सल हायलँडरांची मंडळी’ स्थापन केली. संपूर्ण हायलँड पोशाखात हेन्री रेबर्नकडून आपले चित्र काढून घेतले. १८२२ मध्ये एडिंबऱ्यात येऊन, इतर किल्टधारी अस्सल नाहीत अशी तक्रार करत तो हिंडला. आणि इकडे त्याच्या जमिनीवरची कुळे? त्याच्या आधीपासून सुरू झालेली व त्याच्या काळातही चाललेली हकालपट्टी सोसून ती अटलांटिक ओलांडत होती. कॅनडात ऑन्टारिओमधील एका परगण्याला आजही ग्लेनगॅरी हे नाव आहे. अस्सलपणाची सनद वाटणारा माणूस आणि त्या वस्त्राचे खरे वारस यांच्यामध्ये तेव्हा एक महासागर होता.

१४/
पुढचे थोडक्यात. १८४२ मध्ये स्वतःला स्ट्युअर्ट राजघराण्याचे वंशज म्हणवणाऱ्या दोन भावांनी ‘व्हेस्टिआरियम स्कॉटिकम’ हा टार्टनांचा ग्रंथ प्राचीन हस्तलिखितावर आधारलेला म्हणून छापला. तो बनावट होता. त्यातली कित्येक टार्टने तरीही रूढ झाली. व्हिक्टोरिया राणी व प्रिन्स अल्बर्ट यांनी बॅलमोरलचा वाडा टार्टनने मढवला, आणि नियमांचा काळ सुरू झाला. दिवसा हे जाकीट, रात्री ते. स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारी चामडी थैली, कोणत्या प्रसंगी केसाळ आणि कोणत्या प्रसंगी साधी. वडीलधाऱ्यांना आज जी परंपरा बिघडण्याची धास्ती वाटते, ती बव्हंशी या काळातली.

१५/
आठ यार्डांचेही तसेच. मराठीत यार्डाला ‘वार’ म्हणतात, म्हणून त्याला आठवारी किल्ट म्हणायला हरकत नाही. पण १७९० च्या दशकातील सुरुवातीचे शिवलेले किल्ट साधारण चारवारी होते. त्यांना मागे रुंद, दोन्हीकडे दुमडलेल्या चुण्या असत. त्यांना ‘बॉक्स प्लीट’ म्हणतात. एकाच दिशेला पडणाऱ्या दाट, सुरीच्या पात्यासारख्या चुण्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळल्या, आणि त्यांबरोबर कापडही वाढत आठ वारांवर गेले. म्हणजे दुकानात ‘पूर्ण पारंपरिक’ म्हणून मिळणारा किल्ट हा शिवलेल्या किल्टच्या इतिहासातला उत्तरार्ध आहे.

१६/
याचा अर्थ आठवारी किल्ट वाईट, असा नव्हे. ते कारागिरीचे उत्तम काम आहे. चांगला कारागीर मागच्या चुण्या अशा घालतो की चुण्या पडूनही नक्षी न मोडता जशीच्या तशी दिसते. लष्करी पद्धतीत याउलट प्रत्येक चुणीवर एकच रेघ आणली जाते. खालची कड दुमडून शिवलेली नसते. कापडाचा विणलेला काठच खाली येतो, म्हणून विणकर तो मुद्दाम नेटका ठेवतो. हाताच्या टाक्यांमुळे किल्ट उसवून नव्या मापाला बसवता येतो, पट्टे सरकवता येतात, बापाचा मुलाला होतो. सोळा औंसी लोकरीचा घोळ चालताना जसा हलतो, तसा हलक्या कापडाचा हलत नाही. फक्त हे सर्व महाग आहे, जड आहे, आणि वर्षातून दोन लग्नांसाठी घेतले तर कपाटातच राहते.

१७/
दुसऱ्या बाजूला आधुनिक किल्ट. एडिंबऱ्यात १९९० च्या दशकापासून डेनिमचे, चामड्याचे, साध्या एकरंगी लोकरीचे किल्ट शिवले जाऊ लागले. अमेरिकेत सिॲटल येथे २००० साली ‘युटिलिकिल्ट्स’ ही कंपनी निघाली; जाड सुती कापड, मोठे खिसे, पुढे बटणे, स्पोरनची गरज नाही. जाणकार त्याकडे पाहून नाक मुरडतात. पण कष्टाचे काम करताना सोयीचे पडावे म्हणून वस्त्राचे रूप बदलणे, ही इन्व्हरगॅरीच्या भट्टीवरची कथा नव्हे तर काय? रॉलिन्सनच्या मजुराला नावाजायचे आणि सिॲटलच्या सुताराला हसायचे, हा न्याय नाही.

१८/
तरीही पहिला किल्ट म्हणून तो सुचवता येत नाही, आणि त्याचे कारण परंपरेत नाही, वापरात आहे. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघामागे देशोदेशी फिरणारे ‘टार्टन आर्मी’चे समर्थक पाहावेत. अंगात संघाची जर्सी, पायांत जाडे बूट, मोजे घोट्यावर गोळा झालेले, आणि कमरेला बहुधा साधाच टार्टनचा किल्ट. थाट किंवा साधेपणा किल्टवर अवलंबून नसतो, त्याच्याबरोबर काय घातले आहे त्यावर असतो. लोकरीचा किल्ट टी-शर्टवर शोभतो आणि जाकिटाबरोबर लग्नातही चालतो. खिशांचा सुती किल्ट लग्नात चालवून घ्यावा लागतो. ज्याच्याकडे एकच किल्ट असणार, त्याने हे पाहावे. ज्याला बागकामाला, चिखलात, रोजच्या राबण्याला हवा आहे, त्याने खुशाल सुती घ्यावा.

१९/
या दोहोंच्या मध्ये दुकानदार सहसा पुढे न करणारा तिसरा पर्याय आहे: लोकरीचा, हाताने शिवलेला, बॉक्स प्लीटचा चारवारी किल्ट. कापड निम्मे, म्हणून स्वस्त. वजन कमी, म्हणून उन्हाळ्यात सुसह्य. आणि आठवारीहून जुना. वडीलधाऱ्यांचा परंपरेचा हट्ट आणि तरुणाची सोयीची मागणी, दोन्ही एकाच वस्त्रात भागतात. पहिल्या किल्टसाठी याहून शहाणी निवड दिसत नाही.

२०/
इथे एक फसगत टाळावी. आजचे टार्टन पुष्कळदा दुप्पट पन्ह्याचे विणले जाते व मधोमध लांबीत कापून वापरतात. त्यामुळे ‘चार यार्ड’ म्हणजे दुप्पट पन्ह्याचे चार, म्हणजेच आठवारीचे कापड, की खरोखर एकेरी चार, हे आधी विचारून घ्यावे. पर्यटकांच्या रस्त्यांवर टांगलेले ॲक्रिलिकचे स्वस्त किल्ट मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाहीत. त्यांत ना जुन्याची कारागिरी, ना नव्याची मजबुती.

२१/
टार्टन कोणते? कोणतेही. अमुक टार्टन अमुक आडनावानेच घालावे असा कायदा नाही. बॅलमोरलचे टार्टन राजघराण्यासाठी राखीव मानतात तोही संकेतच. ब्लॅक वॉच, कॅलेडोनिया यांसारखी टार्टने सर्वांसाठी खुली समजली जातात. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या अधिकृत नोंदवहीत नव्या नक्षीची नोंद होते, आणि ती करायला घराणेप्रमुख असावे लागत नाही. स्कॉटलंडमधल्या शिखांसाठी १९९९ पासून ‘सिंग’ टार्टन आहे. शंभर-दीडशे वर्षांनी तेही जुने होईल. आडनावाचे टार्टन भावते त्याने ते जरूर घ्यावे. आजोबांनी घातले होते, एवढे कारण पुरेसे आहे. त्यासाठी कलोडनपर्यंत जाण्याची गरज नाही.

२२/
खरी काळजी वेगळीच आहे. हाताने किल्ट शिवणे ही कला ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ या ब्रिटिश संस्थेने धोक्यातील हस्तकलांच्या यादीत घातली आहे. शिकायला वर्षे लागतात, एका किल्टला कित्येक तास जातात, आणि बाहेर तयार कपड्यांचा ढीग पडलेला असतो. अस्सल कोण यावर भांडणाऱ्यांनी आपला पुढचा किल्ट कोणी शिवला, हे एकदा विचारावे. कारागिराचे नाव दुकानाला सांगता आले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

२३/
आणि माप देताना जीन्सच्या कमरेचा आकडा देऊ नये. लोकरीचा किल्ट बेंबीच्या पातळीला बसतो, जीन्स त्याच्या बरीच खाली. नितंबांचे माप सर्वांत भरलेल्या जागी घ्यावे. लांबी बेंबीपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत, ताठ उभे राहून, समोर पाहत, दुसऱ्याकडून मोजून घ्यावी. स्वतः वाकून टेप पाहिली की आकडा हमखास चुकतो.